तुझे कार्ड मी परत केले, अक्का

अक्का, तुझ्या मृत्यूच्या दाखल्यावर 'हृदयक्रिया बंद पडून' असे लिहिले आहे. ते खोटे म्हणता येणार नाही. मेलेल्या प्रत्येक माणसाची हृदयक्रिया बंद पडलेलीच असते. डॉक्टरांनी तुझे डोळे उघडून बाहुल्या पाहिल्या, उशाजवळचा मेणकागद उचलून हुंगला आणि स्वतःच्या हाताने चुलीत टाकला. जाताना म्हणाले, "मास्तर, झालं ते झालं. गावात बोलू नका." त्यांनी दया केली, म्हणून त्यांचे नाव इथे लिहीत नाही. मी मान हलवली. त्या दिवशी मला कोणाशीच बोलायचे नव्हते.

आता बोलायचे आहे. परवा आमच्या नशाबंदी समितीचे अध्यक्ष घरी आले होते. समितीच्या विशेषांकात त्यांना तुझ्यावर लेख हवा आहे. 'व्यसनावर मात करणारी माउली' हे शीर्षकही त्यांनी ठरवून आणले होते. "तुमची बहीण, आणि तुमची लेखणी. तुमच्याशिवाय कोण लिहिणार?" असे म्हणत त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. तो हात झटकावा असे वाटले, पण मी आयुष्यात कोणाचा हात झटकलेला नाही. तुला माहीत आहे. 'बरे' म्हणालो. हा तो लेख. त्यांनी छापला नाही तर नगरच्या एखाद्या साप्ताहिकाकडे पाठवीन. आणि कोणीच छापला नाही तरी तुला वाचून दाखवीन, जसे रोज संध्याकाळी वर्तमानपत्र वाचून दाखवायचो तसे.

तू अफू खात होतीस. हे एवढे वाक्य लिहायला मला बावीस वर्षे लागली. तुझे पहिलेच बाळंतपण अडले, मूल गेले, आणि पोटात शूळ कायमचा राहिला. वैद्यांनी ज्वारीच्या दाण्याएवढी गोळी दिली. तिने शूळ थांबला. मग गोळी थांबेना. पुढे सरकारने अफू बंद केली, पण ज्यांची सुटणे शक्य नव्हते त्यांना डॉक्टरांकडून तपासून कार्ड दिले. त्या कार्डावर महिन्याची ठरलेली अफू तालुक्याच्या सरकारी खिडकीवर मिळे. आपल्या कोल्हारात अशी कार्डे अगदी थोड्यांकडे होती, आणि बाईमाणसांत तुझ्या एकटीकडे.

महिन्यातून एकदा तू ठेवणीतले लुगडे नेसून एस. टी.ने तालुक्याला जायचीस. माझी शाळा नसली की मी सोबत यायचो आणि रांगेपासून चार हात लांब, तोंडासमोर वर्तमानपत्र धरून उभा राहायचो. कारकून काट्यात वडी टाकायचा.

"भाऊ, काटा थांबू दे की जरा. लई घाईचा बाबा तू."

"आजी, सरकारचा काटा हाय. खोटा न्हाई."

"काटा न्हाई रं खोटा. तुझं बोट खोटं हाय. काढ ते पारड्यावरनं."

रांग हसायची. कारकूनही हसायचा आणि बोट काढायचा. मी वर्तमानपत्रामागे घामाघूम व्हायचो. परत येताना तू मला विचारायचीस, "दिगू, आज पेपरात काय आलंया, एवढा नाक खुपसून वाचत हुतास?" त्या रांगेत मी तुझ्या शेजारी एकदाही उभा राहिलो नाही.

लोकांना अफू म्हटले की डुलक्या घेणारा, लाळ गळणारा माणूस दिसतो. माझ्या भाषणांतही तोच असायचा. तू सकाळी चहाबरोबर गोळी घ्यायचीस आणि आठाला गोधडी पुढ्यात ओढायचीस. बारापर्यंत मान वर नाही. तुझा टाका तांदळाच्या दाण्यापेक्षा बारीक असायचा. राहुरीपासून बायका जुनी लुगडी घेऊन यायच्या आणि तू म्हणशील तेवढे महिने थांबायच्या. मी शिकलो ते त्या गोधड्यांवर. माझ्या कपाटातली निम्मी पुस्तके त्या टाक्यांची आहेत. मी व्यासपीठावरून सांगत होतो की नशा माणसाला कामातून उठवते, आणि खाली पहिल्या ओळीत, पदर नीट घेऊन, तू बसलेली असायचीस.

आपला खरा वाद दाजींपासूनचा. दाजी गेले ते हातभट्टीच्या दारूने. कोणी तरी तिच्यात रंगाच्या दुकानातले स्पिरिट ओतले होते. आधी त्यांची दृष्टी गेली, आणि दुसऱ्या दिवशी ते गेले. त्यांना ओसरीवर ठेवले होते तेव्हाच मी ठरवले की ही बंदी पुरेशी कडक नाही. आणखी कडक हवी, भट्टी दिसली की फोडली पाहिजे. समितीत मी त्याच आठवड्यात नाव घातले. तू मात्र त्याच ओसरीवर बसून दुसरे काही ठरवलेस. ते तू मला वर्षभराने सांगितलेस, गोधडीचा दोरा दातांनी तोडता तोडता.

"दुकानात मिळाली आस्ती तर मानूस प्याला आस्ता, पडला आस्ता, मला शिव्या दिल्या आस्त्या. पर मेला नस्ता."

"अक्का, दुकाने उघडली तर सगळे गाव पिईल."

"आत्ता कोन सोडलंय? माझी अफू बघ. मोजून मिळती, मोजून खाती. सरकारला ठावं हाय मी किती खाती. त्यांच्या दारूत काय हुतं, ते सरकारला ठावं हुतं का?"

मी तुला एका मोठ्या माणसाचा उतारा ऐकवला. तू शांतपणे ऐकलास आणि म्हणालीस, "ह्यो मानूस कधी रांगेत हुबा ऱ्हायलाय का?" मी रागावून वाचनालयात निघून गेलो. तिथे बसून तुझ्या म्हणण्याला खोडून काढणारी चार पाने लिहिली. ती अजून माझ्याकडे आहेत. भाषा चांगली आहे.

सगळ्यांना खुली विक्री करा, असे तूही कधी म्हणाली नाहीस. ते न्यायाने सांगितले पाहिजे. गुटीतून तान्ह्या पोराला अफू चाटवणाऱ्या बाईला तू वेशीपर्यंत पिटाळून लावले होतेस. तुझे म्हणणे एवढेच होते की ज्याला लागते त्याला मोजून द्या आणि ती काय आहे ते कोणीतरी पाहून द्या. एवढ्याशा गोष्टीला मी इतकी वर्षे 'तुझा अडाणीपणा' म्हणत आलो.

गेल्या वर्षी पावसाने दगा दिला, दुष्काळी कामे सुरू झाली, आणि कामावर गांजा-दारू चालते म्हणून समितीच्या सभा वाढल्या. अशा एका सभेत, मी बोलत असताना, मागून एक जण उठला. "मास्तर, आधी तुमच्या घरातलं सरकारी दुकान बंद करा, मंग आमाला सांगा." सभा हसली. तू त्या दिवशी आली नव्हतीस, पण संध्याकाळपर्यंत तुला कळले होते.

आता खरे लिहितो. मी तुझ्या तब्येतीसाठी तुझ्या मागे लागलो नाही. त्या हसण्यासाठी लागलो.

डॉक्टरांनी सांगितले होते की सोडायची तर वर्षभरात, थोडी थोडी कमी करत. तूही तेच म्हणालीस. "कार्ड असू दे. मी टाका टाका उसवती तशी कमी करती. मला येतं ते." मी म्हणालो, कार्ड असले की मोह राहतो. खरी गोष्ट अशी की गांधी जयंतीला कार्यक्रम ठरला होता, आणि वर्षभर थांबलो असतो तर घरात कार्ड असलेल्या मला त्या व्यासपीठावर कोणी बसवले नसते. तू तीन दिवस माझ्याशी बोलली नाहीस. चौथ्या दिवशी भाकरी वाढताना म्हणालीस, "घे ते कार्ड. लोकांत तुझी मान खाली नगं."

शाळेच्या पटांगणात तुला खुर्ची दिली. तुझ्यापुढे तबक धरले, त्यात हळदकुंकू नव्हते, कारण तू विधवा; नुसत्या झेंडूच्या पाकळ्या होत्या. त्या पाकळ्यांवर तू कार्ड ठेवलेस. अध्यक्षांनी शाल घातली. पोरींनी गाणे म्हटले. मी पाऊण तास बोललो. आमच्याकडे असेच होते: माणूस आजारी पडला की डॉक्टर शोधावा, हे कळायच्या आधी आम्हाला त्याचा सत्कार सुचतो. त्या पाऊण तासात तुझ्या उजव्या हाताचा अंगठा पदराशी चाळा करत होता. पुढच्या आठवड्यात काय होणार, हे पटांगणात फक्त तुला ठाऊक होते.

तिसऱ्या दिवसापासून तुझ्या नाकाडोळ्यांतून पाणी वाहू लागले. जांभयांनी जबडा दुखायला लागला. अंगावर काटा, पायांत ओढ, जुलाब, आणि तो जुना शूळ, जणू इतकी वर्षे दाराशी वाट बघत बसलेला. गोधडी हातात घेतलीस तर दोरा सुईत जाईना. पंधरा दिवसांनी मी घाबरून तालुक्याला गेलो. तोच कारकून, तीच खिडकी.

"मास्तर, परत केलेलं कार्ड पुन्हा निघत नाही. नवीन नोंदणी बंद आहे."

"माणूस मरेल."

"मग दवाखान्यात न्या," तो म्हणाला. आणि मग हळू आवाजात: "आजींना कशाला हो परत करायला लावलंत? त्यांचं कधी काही कमी-जास्त नव्हतं."

नगरच्या दवाखान्यात तुला सलाईन लावले, चार दिवसांनी घरी सोडले आणि सांगितले की मनाचा निश्चय हवा. मनाचा निश्चय. अक्का, ज्या बाईने पोटात शूळ घेऊन मला शिकवले, तिला एक कोवळा डॉक्टर निश्चय शिकवत होता, आणि मी शेजारी उभा राहून माना डोलावत होतो.

दिवाळीनंतर तू सावरलीस. जेवू लागलीस, शिवू लागलीस. मी अध्यक्षांना अभिमानाने कळवले. मग एकदा तुझ्या तांदळाच्या डब्यात कागदाची पुडी सापडली. मनमाड रस्त्याच्या ढाब्यावर भांडी घासणारी सखू तुला आणून देत होती, ट्रकवाल्यांकडची. काळी, मऊ, गुळाचा वास येणारी. तिच्यात कात होता, गूळ होता, आणखी काय होते ते देव जाणे. तुझी ज्वारीच्या दाण्याची गोळी आता बोराच्या बीएवढी झाली होती, कारण त्यात अफू नावालाच असायची.

मी तुला बोललो. "तू शब्द मोडलास."

"शब्द तुझा हुता, दिगू. मी निस्ता तबकात ठिवला."

"ही घाण आहे, अक्का. काय घालतात यात कोणाला ठाऊक."

"मग चांगली आन. चांगली मिळत हुती तिथनंच मी आनत हुते, तुला ती नगं झाली."

मी महिनाभर तुझ्याशी धड बोललो नाही. तोही महिना मी वाया घालवला.

होळीच्या सुमारास नाक्यावर पोलीस बसले आणि सखूची पुडी यायची थांबली. पाचव्या दिवशी तू भिंतीला डोके टेकून बसली होतीस आणि मला म्हणालीस, "मला कायबी म्हन, पर काय तरी कर." आयुष्यात तू माझ्याकडे मागितलेली ही एकच गोष्ट.

दुपारी टोपी काढून खिशात घातली आणि ढाब्यावर गेलो. बाजेवर बसलेल्या एका ट्रकवाल्याला विचारले. त्याने माझ्या चष्म्याकडे, छत्रीकडे पाहिले आणि हसला. "मास्टरजी, असली है," म्हणाला. मी ते ऐकले आणि मला बरे वाटले. चांगली वस्तू मिळाली म्हणून. असली म्हणजे किती कडक, हे विचारायला मला सुचले नाही. शब्दांचे नेमके अर्थ शिकवण्यात माझी हयात गेली आहे.

तू नेहमी आधी हुंगायचीस, जिभेच्या टोकाला लावून बघायचीस. सखूने आणलेल्या प्रत्येक पुडीला तू असे पारखले होतेस. त्या दिवशी पारखले नाहीस. मी म्हणालो, बघून घे. तू मेणकागद उलगडत म्हणालीस, "तू आनलीस न्हवं? मग काय बघायचं." आणि बोराच्या बीएवढी गोळी वळलीस, चार महिन्यांच्या सवयीने.

तू झोपलीस. कपाळावरच्या आठ्या गेल्या. इतक्या दिवसांनी तुला असे शांत पाहून मला रडू आले. मी दार लोटून घेतले. शेजारच्या बायका अंगणात शेवया करत होत्या, त्यांना म्हणालो, जरा हळू बोला, अक्काला डोळा लागलाय. ओसरीवर पुस्तक घेऊन बसलो आणि साठ पाने वाचली. चारला चहा करून उठवायला आलो.

अक्का, मी चिडलो आहे तो कोणाकोणावर, ते मला सांगता येत नाही. ज्या खिडकीवर तू बावीस वर्षे सुखरूप होतीस ती बंद करून, त्या बंद खिडकीला सुधारणा म्हणणाऱ्यांवर. त्यांच्यातल्या माझ्यावर सगळ्यांत जास्त. आणि तुझ्यावरही. तू भांडायला हवे होतेस. कारकुनाचे बोट पारड्यावरून काढणारी तू, माझे बोट का काढले नाहीस? तबक पुढे आल्यावर ते लाथाडायचे होतेस. मी चार दिवस रुसलो असतो, समिती सुटली असती, लोक हसले असते. तू मात्र भाकरी वाढता वाढता 'घे' म्हणालीस. तुझ्या त्या मायेचा मला राग येतो, आणि राग आला की लाज वाटते, आणि पुन्हा राग येतो.

आता सरकार देशी दारूची परवान्याची दुकाने काढणार असे वर्तमानपत्रात येते आहे. बाटलीला बूच, बुचावर मोहोर, आत किती काय ते चिठ्ठीवर छापलेले. समिती त्याविरुद्ध मोर्चा काढते आहे. त्या दुकानांनी गावाचे भले होईल, असे मला वाटत नाही. घरे बसतील, बायकांना मार बसेल; ते मी पाहतोच आहे. तरी त्या मोर्च्यात मी जाणार नाही. दाजींच्या बाटलीवर चिठ्ठी नव्हती आणि तुझ्या मेणकागदावरही नव्हती. बंदीत वस्तू नाहीशी होत नाही, तिच्यावरची चिठ्ठी नाहीशी होते. हे तू मला गोधडी शिवताना किती वेळा सांगितलेस, आणि मला ते कळायला तुझा अंत्यविधी करावा लागला.

काल सकाळी हुसेनभाई पिंजारी आले होते. कापूस पिंजून पिंजून त्यांची छाती गेली आहे. खोकल्यावर त्यांना वीस वर्षे अफू आहे, कार्डावर. समितीने पुढच्या कार्यक्रमासाठी त्यांचे नाव धरले आहे, आणि त्यांना गळ घालणारे पत्र माझ्याच हस्ताक्षरात गेलेले आहे, तू जाण्याच्या आधी महिनाभर. पायरीवर बसून त्यांनी आधी पोटभर खोकून घेतले.

"मास्तर, तुमचं पत्र आलं हुतं. अक्कानं दिलं, आता मी न्हाई म्हटलं तर बरं दिसत न्हाई. कोनच्या दिवशी यायचं ते सांगा. शाल नगं, उन्हाळा हाय."

मी म्हणालो, "हुसेनभाई, कार्ड देऊ नका."

त्यांना वाटले, मी दुःखाने काही तरी बोलतो आहे. मग मी त्यांना सगळे सांगितले. सखूची पुडी, ढाबा, बोराची बी, शेवया करणाऱ्या बायका. गावात मी हे पहिल्यांदा बोललो. सांगून झाल्यावर ते पायरीच्या कडेचा चुना नखाने खरवडू लागले.

"मला वाटलंच हुतं," ते म्हणाले. "दोन म्हैन्यामागं बाजारात दिसली. डोळं बघितलं तिचं. म्हटलं, ह्ये सरकारी न्हाई."

त्यांच्या कार्डाची मुदत या महिन्यात संपते आहे. मुदत वाढवून घ्यायला अर्ज लागतो, आणि अर्जावर गावातल्या एका जबाबदार माणसाची ओळखीची सही. मागच्या वेळी सही करणारे पाटील वारले. समितीच्या भीतीने दुसरे कोणी सही करत नव्हते. म्हणूनच, कार्ड तसेही जाणार तर मानाने तरी जावे, असा त्यांनी विचार केला होता. मी आत जाऊन दौत आणली. अर्ज पूर्ण भरला. आजार, किती वर्षे, रोज किती. ते सांगत गेले, मी लिहीत गेलो. खाली माझे पूर्ण नाव, शाळेचे नाव, हुद्दा घातला आणि सही केली.

हुसेनभाईंना वाचता येत नाही. तरी त्यांनी कागद उन्हात धरून, शाई वाळेपर्यंत, माझ्या सहीकडे पाहिले.

"मास्तर, एक इचारू? अक्का जित्ती आस्ती, अन तिनं आसाच कागद तुमच्याम्होरं ठिवला आस्ता, तर केली आस्ती का ही सही?"

"नसती केली," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. कागदाची घडी घालून ती आतल्या खिशात ठेवली आणि साडेनवाची तालुक्याची गाडी चुकेल म्हणून ते उठले. मी टोपी घातली आणि त्यांच्याबरोबर निघालो. खिडकीसमोर रांग होती. मी त्यांच्या शेजारी उभा राहिलो.